काऊन विचारणारी सुमनताई

फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या घरी, दारात उभी राहून सिलेंडरवाल्याशी भांडत होते. माझं भांडण सुरू असलं की मी फोन घेत नाही, हे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो मेला वाजायचा थांबेचना. शेवटी वैतागून "काय आहे?" म्हणून ओरडले, तर पलीकडून जाडसर, दबलेला आवाज आला, "मावशी, काजल बोलून राहिली. बाई गेल्या..." कोण बाई, हे विचारायची गरज नव्हती. नागपूरच्याही पलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं, आमच्या त्या गावात 'बाई' एकच, माझी मावसबहीण सुमनताई. सारी हयात अंगणवाडी चालवली तिनं. आज बापे झालेले, पोट सुटलेले लोकही तिला बाईच म्हणायचे. ओट्यावर उन्हात बसली होती, काजल चहा घेऊन गेली तर मान कलंडलेली. सिलेंडरवाला बिचारा माझं तोंड बघून सिलेंडर आत ठेवून गेला, पैसेसुद्धा मागितले नाहीत.

महिना होऊन गेला आता. लोक म्हणतात, फार सोशिक होती, फार मायाळू होती. कसली सोशिक, बापा! ती भयंकर चौकस होती. लहानपणी आम्ही नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेलो होतो, तिथं हिनं पुजाऱ्याला विचारलं, "नंदीले बाहेर काऊन बसवलं? त्याले आत कोनी येऊ देत नाही का?" पुजाऱ्यानं हातावर प्रसाद ठेवला आणि तोंड फिरवलं. माझ्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला, तर ही म्हणते, "मावशी, तू काऊन मारलंस? तुले उत्तर येते का?" म्हातारी झाली तरी तेच. डॉक्टरला विचारायची, एसटीच्या ड्रायव्हरला विचारायची, टीव्हीवर बोलणाऱ्या माणसालाही विचारायची. तिच्या प्रश्नात खोच नसायची, हे लोकांना कळायला वेळ लागायचा. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. मला मात्र राग यायचा. मला उत्तरं आधीच माहीत असतात, हा माझा जुना आजार आहे.

काजलचं सांगते. ती याच गावची, ताईच्याच अंगणवाडीत बसलेली. तेव्हा मुलगा म्हणून नाव घातलेलं. ते नाव ताई घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. टॉवेलची वेणी करून मुलींच्या रांगेत बसायची, आणि घरी गेली की बापाचा मार. ताई त्या बापाच्या दारात जाऊन उभी राहायची. "काऊन मारतोस रे लेकराले? मारल्यानं बदललं का काही?" तो म्हणायचा, "बाई, तुम्ही तुमची खिचडी सांभाळा." पुढं मिसरूड फुटायच्या वयात ते लेकरू घरातून गेलं ते गेलंच. नागपूर, रायपूर... काय काय भोगलं, कोणास ठाऊक. परत आली ती काजल होऊन, आईच्या शेवटच्या आजारपणात. आईचं सगळं केलं, आणि राहिली. आता ब्लाउज शिवते. हात चांगला आहे, माझेही दोन शिवलेत. आणि नाचते तर अशी की बघत राहावं. म्हणून शाळेतल्या मॅडमनी तिला विचारलं, गॅदरिंगचा नाच बसवून देशील का? ती हो म्हणाली आणि गावात ठिणगी पडली.

त्याच सुमारास टीव्हीवर रोज हेच चाललेलं. कुठल्या देशात शाळेत कोणी कोणतं संडास वापरायचं, मुलांना कुठल्या वयात कुठली औषधं द्यायची, आईबापांना सांगायचं की नाही... आठ-आठ माणसं चौकोनात बसून एकाच वेळी ओरडायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. इकडं मोबाइलवर व्हिडिओ फिरत होते, पोरं पळवणारे आले म्हणून. कुठल्या राज्यातला, कुठल्या सालातला, पत्ता नाही. मी ताईकडं मुक्कामाला होते. मी सरळ म्हटलं, "ताई, कशाला जोखीम घ्यायची? लेकरांचा मामला आहे." ती टीव्हीचा आवाज बंद करून माझ्याकडं वळली. "कोनती जोखीम, मंदे? नीट सांग. तुले नेमकं कायचं भेव वाटते?" मला नीट सांगता येईना. भेव वाटत होतं हे मात्र खरं होतं, आणि भेव वाटणाऱ्याला लगेच वाईट ठरवायचं, हेही मला पटत नाही. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मी कुठी वाईट म्हनते? मी तं इचारून राहिली."

आणि मग ती विचारतच सुटली. आधी काजलला. माझ्यासमोर, चहाचा कप हातात देऊन, "काजल, तू लेकरायले बिघडवशील म्हनतात. बिघडवता येते का वो असं?" मला तर धरणी दुभंगावी असं झालं. काजल हसली. "बाई, माझ्या बापानं मले पोरगा बनवाले इतका जोर लावला, बनवता आलं का त्याले? मी कोनाले काय बनवू?" मग ताईनं टीव्हीवरचं विचारलं, ते औषधांचं, वयाचं. काजलनं कप खाली ठेवला. "मले नाही समजत ते, बाई. मले लहानपनी औषध नको होतं. मार नको होता." एवढंच. मी आजही त्यावर विचार करते. टीव्हीवरच्या त्या माणसांपैकी कोणाला हे विचारावंसं वाटलं असतं का, कोण जाणे.

दुसरा प्रश्न तिनं बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, विचारला. धानाची कापणी चालू होती. बाया ओळीनं वाकून विळे चालवत होत्या, मी बांधावर बसले होते, माझे गुडघे आता वाकत नाहीत. कापणीला बाया खरं बोलतात, कारण मान खाली असते आणि कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. ताई ओळीच्या मधोमध होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "लहानपनी तुमाले कोनी नको तसा हात लावला होता का वो? नाव नका सांगू. कोन होता, एवढंच सांगा." विळे थांबले. मग पुन्हा सुरू झाले. मान वर न करता एक म्हणाली, "आत्याचा नवरा." पलीकडून दुसरी, "शिकवनीचा मास्तर." मग "घरमालक", मग "चुलतभाऊ, रोज जेवाले राहे"... कोणी रडलं नाही. धान कापणं चालूच होतं. मला कोणी विचारलं नाही, मी बांधावर होते ना. विचारलं असतं तर मलाही एक उत्तर द्यायचं होतं. ते मी आजवर कोणाला दिलेलं नाही.

पालकसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. शाळा समितीचा अध्यक्ष देवराम, ताईच्याच अंगणवाडीतला. वाईट माणूस नाही हो, चार एकर धान, एकुलती एक मुलगी खुशी, तिच्यावर जीव. तो उभा राहिला. "माझं काजलशी वैर नाही. पन ह्या लोकायचा काही भरवसा देता येते का?" निम्म्या माना हलल्या. ताई म्हणाली, "देवराम, मंडईच्या दंडारीत तू लुगडं नेसून नाचत होतास. अंबाडा घालून, कुंकू लावून. आमी लेकरं तुझ्या पुढ्यात बसवत होतो. तवा कोनाले काऊन भेव नाही वाटलं?" दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दिवसा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो आणि त्यात बाईचं काम गडीमाणूसच करतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवराम तर नामांकित होता त्यात. सगळे खुदकन हसले. तो लाल झाला. "तो खेळ होता, बाई!" "मंग तू खोटी बाई झालास तं चालते, आन ही खरी झाली तं भेव?" आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी मनात म्हटलं. पण देवराम बसला नाही. "बाई, हसा तुमी. मले माझ्या पोरीची काळजी हाये. बापानं काळजी केली तं गुन्हा हाये का?"

मला वाटलं, आता ताई त्याला सोलून काढणार. ती म्हणाली, "नाही, गुन्हा नाही. तुझं बरोबर हाये." आणि मग तिनं बांधीतलं सांगितलं. एकाही बाईचं नाव न घेता. "मी इचारलं. एकीनंही काजलसारखी कोनी होती असं म्हटलं नाही. सारे आपलेच होते. आपल्या घरी चहा पिऊन जानारे, लग्नात पहिल्या पंगतीले बसनारे." बायका पदराशी चाळा करत होत्या, पुरुष चपलांकडं बघत होते. मीच बोलले, मला राहवत नाही. "ताई, एका गावच्या बाया विचारून जगाचा हिशेब लागतो का?" "नाही लागत," ती म्हणाली. "म्हनून तं नियम सगळ्यायले एकच ठेवा. कोनतंही मोठं मानूस कोनत्याही लेकराजवळ एकटं राहनार नाही. दुसरं मोठं मानूस पाहिजेच. काजल असो, गुरुजी असो, भजनाचे बुवा असो, देवराम, तू असो, नाही तं मी असो. आन हे लेकरायलेच शिकवा. मोठे इसरतात."

पास झाला नियम. टाळ्या वगैरे काही नाहीत, लोक उठून आपापल्या कामाला गेले. पण काजल दुखावली होती. ताईच्या स्वैपाकघरात येऊन म्हणाली, "बाई, माझ्यापायी साऱ्या गावावर पहारा बसवला तुमी. आतापरयंत कोनाले गरज नाही वाटली, मी आली तं वाटली." ताई "खरं हाये तुझं," एवढंच म्हणाली आणि तिच्या ताटात भात वाढला. संडासाचा प्रश्नही असाच लोंबकळत राहिला. काजल म्हणाली, माझं घर जवळ आहे, मी जाऊन येईन. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फक्त ताई दिवसभर पुटपुटत होती, "उद्या एखादं असं लेकरूच शाळेत आलं तं ते कुठी जाईल? त्याचं घर लांब असलं तं?" मी चिडून म्हटलं, सगळ्याच गोष्टींची उत्तरं तूच शोधायची का? ती म्हणाली, "मिळालं तं सांगजो." मला अजून मिळालेलं नाही. मला काजलबद्दल माया वाटते आणि तरी कितीतरी गोष्टी समजत नाहीत, दोन्ही खरं आहे.

तालमीला ताई रोज जाऊन बसायची, सोबत देवरामची बायको. ताई गेली तेव्हा नाच निम्मा बसला होता. बंद करू, असं निघालं होतं, पण देवराम स्वतःच येऊन बसू लागला. गॅदरिंग झालं. पोरं चुकली, पुन्हा नाचली, देवराम मोबाइल धरून शेवटपर्यंत उभा होता. मी मागं बसून घळाघळा रडले. ताईला काय वाटलं असतं कोण जाणे, तिनं विचारलंच असतं, काऊन रडतेस म्हणून.

परवा तिचं घर आवरायला गेले. ताईचा मुलगा दिवस करून रायपूरला परत गेला, चावी माझ्याकडं. काजल मदतीला आली, अंगणातल्या नळावर भांडी घासत होती. मी मागच्या खोलीत. तिथं ताईची धानाची कोठी, खाट, आणि फळीवर डब्यात मुरमुऱ्याचे लाडू. थंडीत ती करून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्या पोट्ट्यांसाठी. डबा अर्धा भरलेला होता. झाकण उघडलं आणि गुळाचा वास आला... मी खाटेवर बसलेच. फार आठवण आली. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही सांगितलं नाही की माझ्या आयुष्यात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

तेवढ्यात देवरामची खुशी अंगणातून पळत आली आणि खोलीच्या दारात थबकली. मी डोळे पुसले, म्हटलं, "ये गं, ये आत. लाडू देते तुला." ती हलेना. लाडवाकडं बघत होती, पण पाय उंबऱ्याबाहेर. "ये की! लाजतेस काय?" तिनं मान वाकडी करून खोलीत नजर फिरवली आणि विचारलं, "आत दुसरं मोठं मानूस कोन हाये?"

नाकाला मिरच्याच झोंबल्या माझ्या. मला विचारते? मी, या गावची लेक, पोस्टात जन्म घालवलेली, पिकल्या केसांची बाई... तोंडावर आलं होतं, अगं, मी काय चोर आहे? बोलले नाही. त्या कार्टीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उद्धटपणा नव्हता. ती नुसती उत्तराची वाट बघत उभी होती. तिच्या वयाची असताना मी अशी एका दारात उभी होते, आणि लाडवासाठी आत गेले होते. मला हे विचारायला कोणी शिकवलं नव्हतं.

मी अंगणाकडं हाक मारली, "काजल, जरा आत ये गं. ही एकटीजवळ येत नाही माझ्या." नळ बंद झाला. काजल लुगड्याला हात पुसत येऊन दाराशी उभी राहिली, आणि मगच खुशीनं उंबरा ओलांडला.