न लिहिली जाणारी सीडी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, तर बडोद्याच्या गोत्री भागातल्या माझ्या घरमालकांचे. मी त्यांना काका म्हणत असे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. तळोद्याहून कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी बडोद्याला आलो, तेव्हा एकट्या मुलाला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. काकांनी फक्त विचारलं, "वडील काय करतात?" मी सांगितलं, बाजार समितीत धान्याची पोती तोलतात. "आणि घरात कॉलेजला गेलेलं कोण?" मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, "सारू, छान. मग पुढची खोली घे. तिथे उजेड चांगला येतो."

काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. काकांनी स्वतः सगळी नोकरी एसटी डेपोच्या कार्यालयात केली. पत्नी गेल्यापासून त्या टेनामेंटमध्ये, म्हणजे स्वतःच्या बैठ्या घरात, ते एकटेच राहत. माझा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून माझ्या खोलीत वेगळी वायर ओढून घेतली. तो कॉम्प्युटर म्हणजे सुटे भाग जमवून उभा केलेला डबा होता. त्यावर मी लिनक्स टाकलं होतं. ते फुकट मिळायचं, आणि आमच्या सरांनाही प्रकल्प त्यावरच हवा होता.

त्या वर्षी आमचं सत्र पुढे ढकललं गेलं, त्यामुळे शेवटचा प्रकल्प दसऱ्यानंतर द्यायचा होता. बांधलेल्या अहवालाच्या मागच्या पुठ्ठ्याला सीडी चिकटवून द्यायची, असा विभागाचा नियम. सीडी नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी परीक्षा नाही तर पदवी नाही. पुण्याच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती, तीही निकालावरच अडकलेली. घरी बाबांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं.

दसरा घरी करून मी परतलो तेव्हा मॉनिटरला झेंडूची माळ होती आणि कॅबिनेटवर कुंकवाचा टिळा. काकांनी आजोबांच्या तलवारीबरोबर माझ्या कॉम्प्युटरचीही पूजा केली होती. मला भरून आलं. माळ वाळेपर्यंत मी तशीच ठेवली.

मग प्रकल्प पुरा झाला आणि सीडी लिहायला बसलो. पहिल्यांदा कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही. ते सोपं होतं. सीडी लिहिण्याचा अधिकार माझ्या खात्याला द्यायचा राहिला होता, तो दिला. मग त्याला सीडी लिहिणारा रायटरच दिसेना. त्या काळी लिनक्समध्ये साधा रायटर दुसऱ्याच जातीचा आहे असं भासवावं लागे, तेव्हा तो ओळखला जाई. मासिकातला लेख समोर ठेवून मी तेही केलं. रायटर दिसला, हिरवा दिवा लुकलुकला आणि तबकडी फिरू लागली. मग एरर आली. सीडी वाया गेली.

वेग कमी केला. बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. दुसऱ्या कंपनीच्या सीडी आणल्या. प्रत्येक वेळी तीच एरर. लिहिण्याआधी लेझर आपला प्रकाश किती ठेवायचा ते तबकडीच्या आतल्या कडेवर तपासून बघतो. ती तपासणीच फसत होती. गंमत म्हणजे जुन्या विकतच्या सीडी तोच रायटर नीट वाचत होता. त्यामुळे तो बिघडलाय असं मला वाटेना. दोष माझ्याच कुठल्यातरी आज्ञेत असणार, असं धरून मी त्या पुन्हा पुन्हा टाइप करत राहिलो. लहान गावातून आलेल्या माणसाला ही खोड असते. यंत्राने नाही म्हटलं की त्याला आधी स्वतःचीच शंका येते.

अलकापुरीच्या सायबर कॅफेत जाऊन आलो. तिथल्या कॉम्प्युटरांना माझी लिनक्सची हार्डडिस्क वाचता येईना. कॉलेजच्या लॅबला सुट्टी होती, फक्त कार्यालय उघडं होतं.

वाया गेलेल्या सीडी काका घेऊन जात आणि दोऱ्याने गच्चीवर टांगत. "तुझ्या अभ्यासाने कबुतरं तरी पळाली," ते म्हणत. "अजून दोन-चार बिघडव, पलीकडची बाजू बाकी आहे."

शेवटच्या दिवशी माझ्याकडे एकच कोरी सीडी उरली होती. विभागाचं कार्यालय संध्याकाळी बंद होणार होतं. दुपारी काका चहा घेऊन आले.

"काय म्हणतंय?"

"प्रकाशाची काहीतरी भानगड आहे, काका. आतला दिवा लिहिण्याइतका लागत नाही."

"असं कसं? मी तर दसऱ्याला त्याला चांगलं ओवाळलं."

"ते बाहेरून हो."

"बाहेरून कशाला? आतही वाहिलं."

मी कप खाली ठेवला. "आत म्हणजे कुठे?"

"ते बटण दाबलं की पाट पुढे येतो ना, त्यावर. हळद, कुंकू, अक्षता. मग परत दाबलं, गेला आत." माझा चेहरा बघून त्यांचा आवाज जरा चढला. "अरे, तलवार पुजायची तर म्यानातून काढून पुजतात. म्यानाला कोणी कुंकू लावतं का?"

मी कॉम्प्युटर बंद केला, रायटर काढला आणि त्याचं झाकण उघडलं. भरधाव फिरणाऱ्या तबकडीने हळदकुंकू सगळीकडे उडवलं होतं. दांड्यांच्या ग्रीसवर तांबडा थर होता, कोपऱ्यात तांदळाचे दोन दाणे. मण्याएवढ्या भिंगावर पिवळसर साय धरल्यासारखं दिसत होतं.

काकांनी ते पाहिलं. टॉर्च त्यांच्याच हातात होता.

"म्हणजे हे माझं काम."

"काका, टॉर्च स्थिर धरा."

"तुझं वर्ष गेलं तर तुझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?"

"काही जात नाही. शांती राखा." हे त्यांचंच नेहमीचं बोलणं होतं, पण त्या दिवशी ते हसले नाहीत.

कान साफ करायच्या काडीला स्पिरिट लावून मी भिंग पुसलं. दाणे चिमट्याने काढले. सगळं परत जोडून शेवटची सीडी घातली आणि सगळ्यात कमी वेग ठेवला. काका खोलीबाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्यांना बघवत नव्हतं. पडद्यावर आकडे हळूहळू पुढे सरकत होते. शेवटी रायटरने ट्रे बाहेर ढकलला, तेव्हा मी हाक मारली. ते आत आले नाहीत. त्यांनी बाहेर स्कूटर काढून ठेवली होती.

कार्यालयातल्या माणसाने माझ्यासमोर सीडी उघडून पाहिली आणि अहवालावर शिक्का मारला.

पण त्यानंतर काका माझ्या खोलीत येईनासे झाले. चहा दारातून देत. तोंडी परीक्षा झाली, मी पास झालो, त्यांनी पेढे वाटले. तरी पुण्याला निघेपर्यंत त्यांनी उंबरा ओलांडला नाही. मीही समोरासमोर काही बोलू शकलो नाही. आमच्या घरी वडीलधाऱ्यांशी असं बोलायची रीत नव्हती. म्हणून पुण्याहून पत्र पाठवलं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला आहे. तो असा:

"ती. काकांना सा. न. वि. वि.

नोकरीवर रुजू झालो. काम लिनक्सवरच आहे. पहिल्याच आठवड्यात इथल्या एका कॉम्प्युटरची सीडी लिहिली जात नव्हती. मी झाकण उघडून भिंग पुसलं आणि ती लिहिली गेली. साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, बडोद्याला, घरी.

तुम्ही मनाला लावून घेतलं आहे, हे मला कळतं. माझ्या घरात माझ्या पुस्तकांना हात लावायलाही सगळे भितात, चुकून काही बिघडेल म्हणून. माझ्या अभ्यासाच्या वस्तूला हात लावून आपलं मानणारे पहिले तुम्हीच. त्यात एक सीडी अडली, ती निघाली. त्याचं ओझं ठेवू नका.

पदवीदान पुढच्या महिन्यात आहे. आई-बाबा येणार आहेत. बाबा एवढ्या मोठ्या गावी पहिल्यांदाच येत आहेत आणि गाडी थांबायच्या आधीच दाराशी जाऊन उभे राहतात. मी थेट पुण्याहून येणार, माझी गाडी त्यांच्यानंतर पोचते. तुम्ही फलाटावर असाल तर बरं होईल. आईच्या हातात हिरवी पिशवी असेल. त्यांना घरी न्या आणि पुढच्या, माझ्या खोलीत बसवा. मी येईपर्यंत तुम्हीही तिथेच बसा.

आपला"