मॅटाडोरचं डावं दार

प्रेमाकाकूंनी उभं आयुष्य बाहुल्यांचे डोळे रंगवले. अंधेरीला खेळण्यांचा कारखाना होता, तिथे. बुबुळ केसभर सरकलं की बाहुली चकणी, आणि चकणी बाहुली कोण विकत घेणार? हात असा काही बसला की कारखान्याला टाळं लागून जमाना झाला तरी ब्रश धरल्यावर हात म्हणून हलत नाही. जीभ मात्र सारखी हलते, पण तिला रंगकामात कुठे विचारतात!

नाहूरला त्यांच्या खालच्या मजल्यावर निलेश राहतो. बँकेत नोकरी, दोन लेकरांचा बाप, पण रविवार उजाडला की रिमोटवरच्या गाड्या घेऊन मैदानावर. त्याच्यासारखे आणखी चारसहा मोठे घोडे तिथे जमतात. या गाड्यांची बॉडी म्हणजे पातळ, पारदर्शक प्लास्टिकचं कवच. ते आतून रंगवायचं. बाहेरून रंगवलं तर गाडी पहिल्यांदा उलटली की रंग खरवडून जातो. आतून रंगवायचं म्हणजे सगळं उलटं काम. बारीक रेघा आधी, मुख्य रंग शेवटी, आणि एकदा चुकलं की चुकलं. निलेशने दोन बॉड्यांची माती केली आणि तिसरी काकूंपुढे आणून ठेवली. तेव्हापासून काकू त्या टोळीच्या रंगारी. कोणी नवशिका बाहेरून ब्रश फिरवताना सापडला तर त्याची धडगत नसे. "कल्हई भांड्याच्या आतून लावतात की बाहेरून रे? मग?"

मैदानावर दर रविवारी एकच रडगाणं. परदेशी कंपन्या त्यांच्या त्यांच्या गाड्यांच्या बॉड्या काढतात, आपल्याकडच्या कोण काढणार? कोणाला अँबॅसेडर हवी, कोणाला एसटीचा लाल डबा. "कोणीतरी काढायला पाहिजे यार," म्हणत सगळे चहा प्यायचे आणि तीच ती लाल परदेशी गाडी पळवत बसायचे.

काकूंनाही एक बॉडी हवी होती. मॅटाडोर व्हॅनची. स्वतःसाठी नव्हे, नवऱ्यासाठी, काशीरामकाकांसाठी.

काकांनी मॅटाडोर चालवली ती अशीतशी नाही. गणपतीला, शिमग्याला, लग्नकार्याला, नाहूर ते कणकवली. गाडीत बसलेली पोरं पुढे बायका-पोरं घेऊन त्याच गाडीत बसली. मग काकांचा डावा पाय क्लचवर उचलेना. गाडी विकली. तिला नेलं त्या दिवशी काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते बसलेच. बाजारात चला म्हटलं तर नको, सत्यनारायणाला चला तर नको. जेवायचे, पेपर वाचायचे, झोपायचे. माणूस घरात होता आणि नव्हताही. हा माणूस या खुर्चीतच संपणार, ही काकूंची भीती. ती त्या कोणाला सांगत नसत, नुसता भांड्यांचा आवाज वाढायचा.

शेवटी त्यांनी निलेशला पकडलं. "रोज रडता ना कोणी काढत नाही म्हणून? मग तू काढ."

निलेशने जुन्या फोटोंवरून साचा बनवून घेतला. घाटकोपरला मिठाईच्या खोक्यांतले प्लास्टिकचे ट्रे बनवणारा एक गाळा आहे. तिथे तापवलेलं प्लास्टिक साच्यावर ओढून दोन बॉड्या काढल्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. काकूंनी पहिली रंगवायला घेतली. आधी काचांच्या कडा, मग दिव्यांचे कोपरे, मग मोतिया रंग, एकसारखा, कुठे डाग नाही की ओघळ नाही. निलेशने ती गाडीवर चढवली आणि म्हणाला, "काकू, झकास! काका उडी मारतील."

काकांनी उडी मारली नाही. गाडी मांडीवर घेतली, सगळीकडून फिरवली आणि परत दिली.

"काम बरा केलंस," ते म्हणाले. "पण ही माझी न्हय."

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. "तुमची नाय तर कोणाची? नंबरसुद्धा तुमचोच घातलंय!"

"डावा दार बघ. हिरवा खंय आसा?"

मग काकूंना आठवलं. कशेडीच्या घाटात एका ट्रकने डावं दार सोलून नेलं होतं. कुर्ल्याच्या भंगारातून दुसरं आणलं, ते निघालं हिरवं. त्यावर मोतिया रंग मारला, पण तो कधी टिकलाच नाही. जरा कुठे घासलं की खालचा हिरवा डोकं वर काढायचा. गणपतीच्या गर्दीत माणसं तेवढं बघून गाडी ओळखायची. आणि दर वर्षी गणपतीआधी काका दाराला रंग मारायचे तेव्हा डबा धरून उभं कोण असायचं? प्रेमाकाकूच. फोटो सगळे उजव्या बाजूचे, हार घातलेले. फोटो बघून गाडी केली आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं विसरल्या. चकणी बाहुली काढावी तसं झालं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसरी बॉडी त्यांनी त्याच दुपारी घेतली. सगळीकडे आतून मोतिया, फक्त डाव्या दाराला आतून हिरवा. तो वाळल्यावर बॉडी पालथी केली आणि त्या हिरव्या दारावर बाहेरून मोतिया रंग लावायला लागल्या.

निलेश ओरडलाच. "काकू, बाहेरून? तू? अगं, एका धडकेत वाट लागेल त्याची!"

"लागू दे की," काकू म्हणाल्या. "तीच लागायला हवीय."

या वेळी गाडी मांडीवर घेऊन काकांनी डाव्या दारावर अंगठ्याचं नख ओढलं. मोतियाखालून हिरवी रेघ निघाली. तशी काका म्हणाले, "माझे चपला खंय आसत?"

चपला कपाटावर होत्या, धूळ खात. काकूंनी त्या पुसल्या, आणि निलेशचा हात धरून काका एकेक पायरी खाली उतरले. काकू गॅलरीतून बघत राहिल्या. रिमोट हातात आल्यावर काकांनी आधी कणकवलीला निघाल्यासारखं मागे-पुढे पाहून घेतलं, मग गाडी सोडली. पहिलं वळण बरं घेतलं. दुसऱ्याला गाडी डाव्या अंगाने गेटच्या भिंतीला करकरत घासत गेली. निलेशने डोळे मिटले.

काका मात्र वर बघून, साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडले, "गे, हिरवा दिसाक लागला! रंग घेवन खाली ये!"

"येतंय, दम धरा जरा!" काकूंनी वरून तेवढ्याच जोरात सुनावलं, आणि बाटली-ब्रश घेऊन निघाल्या. जिन्यात त्या थांबल्या, पदराने डोळे नीट कोरडे केले. भरल्या डोळ्यांनी रंगकाम होत नाही.