डावीकडून सुटणारी गाठ

दर जानेवारीत कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पालकांची सभा असते आणि गेली काही वर्षं तिथे बोलायला मला बोलावतात. मी वसईतच शाळेत शिकवतो. कॉलेजातली बरीचशी मुलं दहावीपर्यंत माझ्या हाताखालून गेलेली असतात, एवढाच माझा अधिकार. एरवी मी फार बोलणारा माणूस नाही. घरी तर नाहीच. पण त्या सभेत बरा बोलायचो.

विषय ठरलेला, दुसरं सेमिस्टर. पहिल्या सेमला नवलाई असते, दुसऱ्याला ती उरत नाही, असं मी सांगायचो. दिवस कमी, त्यात गॅदरिंग, त्यात लग्नसराई, होळी. आणि नेमका मधेच पहिल्या सेमचा निकाल लागतो. एखाददुसऱ्या विषयात केटी लागते, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा. अशा वेळी मुलांना काही विचारू नका. एक सफरचंद कापा, बशी त्यांच्या टेबलावर ठेवा आणि उठून या. बोलायचं असेल तेव्हा ती आपणहून बोलतील.

लोक माना डोलवायचे. काहीजण मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. त्या वर्षी तुळिंजहून आलेल्या एक बाई सभा संपल्यावर माझ्यामागोमाग जिन्यापर्यंत आल्या.

"सर, माझं तर तोंडच बंद होत नाही. पोरगी चप्पल काढते ना काढते, मी चालू. कुठे होतीस, काय खाल्लंस, पेपर मिळाले का. आता बघा तुम्ही, एकदम सायलेंट मोड."

मी हसलो. एका घराचं तरी भलं झालं, असं मनात म्हणत खाली उतरलो.

माझा मुलगा तेव्हा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. कॉम्प्युटरची शाखा मीच सुचवली होती. सुचवली म्हणजे फॉर्म आणून त्याच्यासमोर ठेवला.

आमचं घर सांडोरच्या बाजूला. वडिलांच्या वेळची वाडी आता घरामागच्या केळींपुरती उरलीय. पण वाडीचे दंडक उरलेत. त्यातला एक असा की घरात कुणी परीक्षेला बसणार असेल तर त्याने वाडीत पाय ठेवायचा नाही. मातीत गेलेला हात परत पुस्तकाकडे वळत नाही, असं वडिलांचं ठाम मत. माझे भाऊ पाणी शिंपत होते तेव्हा मी आत बसून पाठांतर करत होतो. त्या दंडकावरच मी मास्तर झालो, तेव्हा तो चुकीचा असेल असं मला कधी वाटलं नाही.

दरवर्षी संक्रांत झाली की आमच्या अंगणात सुकेळीचा मांडव पडायचा. राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, संध्याकाळी केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. आठवडाभरात ती तांबूस होतात, चिकट गोड. मग पानात बांधून सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीने पुडकी करायची. हे काम माझी आई करायची. आई डावखुरी होती. तिची गाठ डाव्या अंगाला पडायची आणि टोक आत खोचलेलं असायचं. डावीकडून ओढलं की एका हिसक्यात सुटायची. दुसऱ्या कुणाला ती जमली नाही. माझ्या बायकोला नाही, मलाही नाही. नातवाला जमली, कारण तोही डावखुरा. शाळेत जायच्या आधीपासून तो तिच्या मांडीला मांडी लावून पुडकी बांधायचा. आई गेली त्यानंतरही आमच्या घरची पुडकी तोच बांधत आला.

त्या वर्षी मांडव घातला नाही. पहिल्या सेमचा निकाल लागला होता आणि त्याला दोन केटी होत्या. मी रागावलो नाही. एक शब्द बोललो नाही. आठवडाभर नाही. सभेत सांगत होतो तेच घरी करतोय, या विचाराने मला थोडं समाधानही होतं. रोज संध्याकाळी सफरचंदाची बशी ठेवत होतो.

एकदा तो ओटीवर येऊन उभा राहिला.

"पप्पा, मांडव नाही घालायचा?"

"या वर्षी नको. तुझं सेम आहे."

"मी करतो ना सगळं. मला तसंही त्या कॉलेजात..."

"परीक्षेनंतर बोलू," मी म्हणालो आणि पेपर उघडला.

तो आत गेला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोजच्यासारखा बॅग आणि डबा घेऊन स्कूटरवरून जाऊ लागला. बशा रिकाम्या परत येत होत्या. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

पाडव्याला माझा मेहुणा, बायकोचा भाऊ, आगाशीहून आला. त्याची तिकडे चांगली वाडी आहे, सुकेळी तो दरवर्षी करतो. त्याने पुडकी आणली होती. जेवणं झाली, सगळे गोल करून बसलो. मी एक पुडकं उचललं. त्यांच्याकडे गाठ दुहेरी मारतात, ती विळीवर कापावी लागते, हे मला माहीत होतं. तरी माझा हात जुन्या सवयीने डावीकडे गेला. दोरी ओढली आणि गाठ सुटली.

मी वर बघितलं. बायको श्रीखंडाची वाटी खरवडत होती, वाटी तर केव्हाचीच रिकामी होती. मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत होता. मेहुणा एकदम म्हणाला, "भावोजी, यंदा ऊन कसलं कडक पडलंय हो." त्यावर बायको म्हणाली, "हो ना, भयंकर." आणि मग सगळेच उन्हाबद्दल बोलायला लागले.

"छान झालीत," मी म्हणालो आणि एक तोंडात टाकलं.

त्याच आठवड्यात शाळेतून अर्धी रजा काढून मी आगाशीला गेलो. बायको त्या दिवशी तिथेच जाणार होती, तिच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून. त्या महिन्यात ती बऱ्याचदा जायची आणि मी त्याबद्दलही काही विचारत नसे. रिक्षा अलीकडेच सोडली. कुंपणाच्या या बाजूला अडुळसा माजलेला, त्याच्या आडून अंगण दिसत होतं.

मुलगा मांडवाजवळ उभा होता. एकेक केळ उलटत होता आणि अखंड बोलत होता. घरात ज्याच्या तोंडून 'हो', 'नाही', 'येतो' याच्यापुढे काही निघत नव्हतं, तो मामाला शिकवत होता. "ही ओळ आज नाही उलटायची मामा. आजी म्हणायची, आधी तिचं तिला सुकू दे. घाई केली की काळी पडतात." मामा म्हणाला, "बघ गं, पन्नाशीला आलो आणि हा मला केळी शिकवतोय." सावलीत बसलेली माझी बायको पानं पुसत होती. ती हसली. इतक्या मोकळेपणी हसताना मी तिला कधी ऐकलं होतं ते आठवेना.

मग मेहुणा म्हणाला, "ते कर ना रे, ते भाषण."

पोराने दोन्ही हात मागे बांधले. मी बोलताना बांधतो तसे. हनुवटी थोडी वर, घसा एकदा साफ. "पालकहो. एक सफरचंद कापा. बशी टेबलावर ठेवा. आणि उठून या." हुबेहूब. मेहुण्याला हसता हसता ठसका लागला. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते.

मी तसाच मागे फिरलो. कुणी बघितलं नाही.

मुलाने कॉलेज सोडलं याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, हे आज खरं सांगतो. मला वाटलं ते एवढंच, की माझ्या माणसांचं एक वेगळं घर आहे, तिथे ऊन आहे, हसणं आहे, आणि तिथे मी नकलेपुरता आहे.

संध्याकाळी बायको परत आली. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होतो, हातात सुरी.

"आज लवकर?"

"आगाशीला गेलो होतो."

तिने पिशवी खाली ठेवली. बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"निकालानंतर. आठवडा काढला त्याने कसातरी, मग गेलाच नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"सांगून काय केलं असतंत?"

"काय म्हणजे?"

"ओरडला असतात? एक थोबाडीत दिली असतीत? ते चाललं असतं हो. तुम्ही गप्प बसला असतात. तुमचं गप्प बसणं आम्हाला किती दिवस पुरतं, माहितीये? भांडं हातातून पडलं तरी दचकतो आम्ही."

"मी त्याला एका शब्दाने बोललो नाही."

"तेच तर सांगतेय." तिची नजर माझ्या हातातल्या सुरीवर गेली, बशीवर गेली. "आणि ते सफरचंद रोज मी खाते. त्याला नाही आवडत. लहानपणापासून नाही आवडत."

तिचं बरोबर असेल. पण ती सगळी मिळून माझ्यासमोर पाडव्याचं ताट वाढून उन्हाच्या गप्पा मारत होती, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. मी चुकलो, आणि मला फसवलं गेलं. पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही.

एप्रिलमध्ये कॉलेजातून निरोप आला. हजेरी कमी, पालकांनी प्राचार्यांना भेटून विनंती केली तर परीक्षेला बसू देतील. मी आणि मुलगा, दोघं गेलो. केबिनबाहेरच्या बाकावर मधे बॅग ठेवून बसलो. वर्ष वाचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्राचार्य माझ्या ओळखीचे, शब्द टाकला असता तर मोडला नसता.

जिन्यावरून तुळिंजच्या त्या बाई आल्या. मला बघून थेट बाकापाशीच.

"अरे सर! परत भाषण आहे का?"

"असंच, काम होतं."

"हा तुमचा का? बघा, सरांचा मुलगा म्हणजे टेन्शनच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, तुमचं ऐकलं हं मी. एकदम चूप. विचारतच नाही काही. आता पोरगीपण चूप झालीये. आली की दार लावून घेते. जेवायलापण आतच. अभ्यासच करत असणार ना, सर?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, आज घरी जाऊन आधी ते दार वाजवा.

"हो," मी म्हणालो. "चालू द्या तसंच."

बाई खूश होऊन गेल्या.

"पप्पा, सांगा ना त्यांना," मुलगा म्हणाला. मी जागचा हललो नाही. तो उठला, जिन्यापर्यंत धावत गेला, खाली वाकून बघितलं. परत येऊन बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मला तरी विचारा."

"काय?"

"काहीपण. एकदा विचारा."

शिपाई दाराशी येऊन हाक मारत होता. मी विचारलं, "तुला परीक्षा द्यायची आहे का?"

"नाही."

एवढंच होतं ते. जानेवारीत ओटीवर त्याला हेच सांगायचं होतं. मी शिपायाला म्हटलं, साहेबांना सांगा, आमचं काम नाही. बाहेर आल्यावर त्याने स्कूटर काढली, मी मागे बसलो. घराच्या वळणावर मी आणखी एक विचारलं, मामाकडे राहणार का? तो म्हणाला, सध्या. आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता.

आता तो आगाशीलाच जास्त असतो. आमच्यात बोलणं होतं, मोजकं. नक्कल माझ्यासमोर त्याने कधी केली नाही. सुकेळीची पुडकी येतात, त्यांची गाठ मी सोडत नाही, बायको सोडते.

या जानेवारीत पुन्हा बोलावणं आलं. मी गेलो आणि हे सगळं पालकांना सांगितलं, नकलेसकट. कुणी मान डोलावली नाही. मी हॉलभर नजर फिरवत होतो. तुळिंजच्या बाई नव्हत्या. असणार कशा, सभा पहिल्या वर्षाची. बाकी सगळ्यांना सांगून झालं, जिला सांगायचं होतं ती सोडून.

मुलाने फोनवर विचारलं, "त्या बाईंचा नंबर घेतलात?"

"ऑफिसात मिळेल. बघू."

पलीकडे तो गप्प झाला. ते गप्प बसणं माझंच होतं, मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नंबर घेतला आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला उभं राहून लावला. नाव सांगितलं. "हां सर, बोला ना," बाई म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. मी म्हणालो, त्या दिवशी बाकावर मी तुमच्याशी खोटं बोललो. माझा मुलगा कॉलेजात जात नव्हता. मी त्याला काही विचारत नव्हतो म्हणून मला कळलं नव्हतं. मुलगी दार लावून घेते असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला समजलं होतं, आणि तरी मी तुम्हाला चालू द्या म्हणालो. आता मुलगी कशी आहे?

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. फोन कट झाला का म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला. झाला नव्हता. मी पुन्हा कानाला लावला आणि तसाच उभा राहिलो.