बरणीतला दुसरा तुकडा

बसवंतच्या टेबलावर अकरा वर्षं एक काचेची बरणी होती. ती नजरेस पडली की शेषगिरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जायलाच हवी होती!

बसवंत मूळचा निपाणीचा. बंगळुरात मोजणीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो काचेचे लोलक घासायचा. घासून झालेल्या लोलकातून उजेडाची बारीक तिरीप सोडायची, ती काचेत वाकून भिंतीवरच्या खुणेवर पडली की लोलक पास. १९५६ साली नव्या पेटीतल्या काचेचे सगळे लोलक नापास झाले. तिरीप जास्तच वाकायची आणि खुणेच्या वीतभर पलीकडे पडायची. खात्याचा साहेब शेषगिरी बंगळूरचाच, चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातला. त्याने बारा कामगारांदेखत विचारलं, "चांगली काच कुठं विकलास रे, चोरा? उद्यापासून तोंड दाखवू नको."

बसवंतचं अंग पेटलं. ही काच हाताला जड लागते, हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि साहेबाने ते हसण्यावारी नेलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी तो साहेबाच्या खोलीत शिरलाच, हातात बरणी घेऊन. बरणीत सूक्ष्मदर्शकाला लावायचं पिवळसर तेल होतं. त्या तेलात बुडालेली काचेची कांडी दिसेनाशी होते, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. काच आणि तेल उजेडाला सारखंच वाकवत असले, तर एकातून दुसऱ्यात जाताना उजेड वाकतच नाही, मग काचेची कडा दिसणार कशी? त्याने जुन्या पेटीतला तुकडा तेलात टाकला. तुकडा गडप! मग त्याच नव्या मालातली दुसरी सीलबंद पेटी साहेबालाच फोडायला लावली. तिच्यातला तुकडा तेलात लख्ख दिसत राहिला.

काच मुळात चुकीचीच आली होती. न तपासता पावतीवर सही ठोकली होती ती शेषगिरीने.

"सरी, ठीक आहे," दार लोटून तो म्हणाला, "स्वल्प गैरसमज झाला. जा, कामाला लाग."

"चोर म्हणालासा तवा बारा माणसं हुती, सायेब. आता बी त्यांच्याम्होरं बोला."

"साहेबानं कामगाराची माफी मागायची? होणार नाही."

मग बसवंतने दोन्ही तुकड्यांसकट बरणी टेबलावर मांडली. नवा माणूस कामावर आला की विचारायचा, "किती तुकडं दिसत्यात?" तो म्हणायचा, "एक." बसवंत चिमट्याने दुसरा वर काढायचा आणि सगळी हकीकत सांगायचा, त्या सहीसकट. शेषगिरीने दोनदा आरडाओरडा केला, पण बरणी हलवायची त्याची छाती झाली नाही. प्रकरण वर गेलं असतं तर सहीही बाहेर आली असती. दोघं कामाचंसुद्धा चिठ्ठीवर लिहून कळवायचे.

१९६७ साली शेषगिरीचा निरोप समारंभ झाला. गळ्यातल्या हारासकट तो बसवंतच्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "आता तरी काढ की ते."

बसवंत उठलासुद्धा नाही. "बारांतली आठ माणसं अजून हायती, सायेब. बोला."

शेषगिरीने मागे वळून पाहिलं. सगळे बघत होते. त्याने छत्री उचलली आणि चालता झाला.

बरणीतलं तेल थोडं आटलं होतं. बसवंतने कपाटातून बाटली काढली आणि बरणी पुन्हा काठोकाठ भरली.