फिडर बंदच होता

गंगाधर लाईनमन खांबावरून पडला तेव्हा फिडर बंद होता, असं ऑपरेटर माधव परत परत सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. सबस्टेशनच्या गेटवर गंगाधरचे भाऊबंद जमले होते.

फिडर म्हणजे सबस्टेशनमधून गावाकडे जाणारी लाईन. लाईनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. लाईनमन उतरल्याचं कळवेपर्यंत लाईन चालू करायची नाही, असा तो करार. मोडला की माणूस जातो. देगलूरकडच्या त्या गावात मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. हात भाजलेल्या गंगाधरला बेशुद्धीतच नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

नांदेडहून साहेबांचा फोन आला. "ऑपरेटरचीच चूक दिसते. सस्पेंड करतोय. तुमचा रिपोर्ट उद्या द्या."

याच माधवने माझी तक्रार केली होती. मी ख्रिस्ती. ऑफिसात धर्मप्रचार करतो, असं त्याने वर कळवलं. चौकशीत काही निघालं नाही, पण बरेच दिवस माझ्या टेबलाशी कुणी चहाला थांबेना.

मी सबस्टेशनच्या मीटरमधली त्या वेळची नोंद बघितली. फिडर खरंच बंद होता. मग करंट आला कुठून?

खांबापाशी गेलो. तिथे तारेचा जोड तुटला होता, तोच बसवायला गंगाधर चढला होता. सबस्टेशनच्या बाजूची तार त्याने जमिनीला जोडली होती. त्याला अर्थिंग म्हणतात. चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जातो. पलीकडच्या बाजूला अर्थिंग नव्हतं. तिकडून करंट येईल असं कुणाला वाटणार? तिकडे एकच कनेक्शन होतं. आमचं चर्च.

आत बायकांची सभा थांबली होती. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, गंगाधरसाठी प्रार्थना करत होते. माझा मेहुणा विल्सन, मंडळीचा म्हणजे चर्चच्या सभासदांचा सेक्रेटरी, शेजारी उभा होता.

"लाईट गेल्यावर सभेत पंखे चालू होते का?" मी विचारलं.

"हो, मीच जनरेटर लावला होता," पाळकसाहेब म्हणाले.

जनरेटरची वायर भिंतीच्या सॉकेटात घुसवलेली होती. चर्चला बाहेरच्या तारेशी जोडणारा मेन स्विच चालूच. जनरेटरचा करंट उलटा बाहेरच्या तारेत गेला होता. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बाकावर बसले.

विल्सनने मला बाहेर नेलं. "भाऊजी, वायर म्या काढून ठेवतो. तुमच्याबिगर कुणाला कळणार हाय?"

"माधवची नोकरी जाईल."

"त्यानंच तुम्हाला छळलं न? अन् गावात आपली घरं किती? उद्या हे लोक चर्चवर आले तर?"

ती भीती खोटी नव्हती. माझी बायको, मुलं त्याच गावात राहत होती. माधवबद्दल मनात माया होती असंही नाही. पण तासाभरापूर्वी गेटवर फिडर बंद असल्याच्या शपथा घेताना मी त्याला पाहिलं होतं.

मी आत गेलो. "पाळकसाहेब, मला खरं लिहावं लागेल."

"लिहा," ते उठले. "पण गंगाधरच्या घरच्यांना दुसऱ्याकडून कळू नये. मला गेटवर घेऊन चला."

गेटवर त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. गंगाधरच्या भावाने त्यांची कॉलर धरली. त्यांनी सोडवली नाही. पोलीस आले, पाळकसाहेबांवर केस झाली. ती अजून चालू आहे.

गंगाधर वाचला. उजव्या हाताची बोटं गेली. आता तो खांबावर चढत नाही, सबस्टेशनमध्ये बसतो. पाळकसाहेब दवाखान्यात जात राहिले. पहिल्यांदा त्याच्या बायकोने त्यांना हाकलून दिलं. पुढे त्यांनी आणलेला डबा घेऊ लागली.

माधवचं सस्पेन्शन रद्द झालं. तो केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेब, तुमची तक्रार म्या केल्ती."

"माहीत हाय."

"तरी बी?"

"फिडर बंद होता न?"

"होता."

"मग तेच लिहिलं."

तो गेला. आमची मैत्री वगैरे झाली नाही. विल्सन आजही माझ्या घरी येत नाही, आणि मंडळीतली काही कुटुंबं मला बघून बाक बदलतात. खरं बोलल्याने माणसं जोडली जातात असं उपदेशात ऐकलं होतं. माझा अनुभव तसा नाही. पण निर्दोष माणूस कामावर राहिला. आणि जनरेटर लावणाऱ्यांनो, आधी मेन स्विच पाडा.