तिसऱ्या बेसवरचा राजकुमार

देवगाव रंगारीच्या मातीत लई पैलवान झाले, पण आमच्या कृष्णासारखा बेसबॉलचा गडी झाला नाय, होणार बी नाय. शहराशहरांच्या लीगमध्ये यंदा त्यानं बॅट फिरवली की बेसवरचे गडी पळत आतच! तिसऱ्या बेसवरून होम प्लेटला पोचला की गड्याचा एक रन. आपल्या फटक्यावर सगळ्यात जास्त रन जो आणतो, त्याला लीगवाले सोनेरी बॅट देतात. शेवटच्या मॅचला कृष्णा अन् पुण्याचा एक गडी बरोबरीत होते.

लोक म्हणायचे, "काय नजर हाय!" नजर व्हयच. पण त्या नजरेला काय दिसायचं, ते घरात फक्त मला, त्याच्या थोरल्या भावाला, ठाऊक.

तिसरी बेस मोकळी असली, तरी तिथं राजकुमार उभा असायचा.

राजकुमार त्याचा जिगरी दोस्त. गेल्या साली शेवटच्या डावात तिसऱ्या बेसवरून त्यानं दोनदा टोपीला हात लावला. दोघांची खूण होती ती. दणकू नको, बॉल नुसता बॅटीला टेकवून पुढ्यात पाड, मी पळत येतो. पण सगळं मैदान बघत होतं. कृष्णानं दणकावला. झेल गेला, मॅच गेली. राजकुमारनं तडक मोटारसायकल काढली, अन् जालना रोडवर डिझेलच्या टँकरखाली गेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, पण खाली एक उतरंना. गेलेल्याची इच्छा कुणी कबूल केल्याबिगर कावळा शिवत नाय. त्याच्या मायनं, साळूबाईनं, हात जोडले, "राजा, बहिणीचं लगीन करते. बापाला बघते." कावळे गप्प. ती कृष्णाकडं वळली, "तुला ठाऊक असंल. बोल की रं!"

ठाऊक होतं. चारचौघांत तोंड उघडंना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला, अन् माणसं उठली.

तवापासून राजकुमार उभा. टोपीला हात, दोनदा. कृष्णा भ्यायचा, अन् भ्याला की आणखी जोरात मारायचा. बाकीचे आत यायचे, टाळ्या पडायच्या. राजकुमार अर्ध्या वाटंपर्यंत येऊन, मान खाली घालून माघारी जायचा.

शेवटची मॅच चिकलठाण्याला होती. दिवस कलला होता. साळूबाई बी आली होती. दुसऱ्या बेसवर एक गडी, तिसरी मोकळी.

"हाण कृष्णा!" कोच मधुसूदन सर ओरडले. "एक दणका, बॅट तुझी!"

कृष्णाला डिझेलचा वास आला. त्यानं तिसऱ्या बेसकडं बघितलं अन् मोठ्यानं म्हणाला, "आणतो रं. कबूल."

अन् बॉल नुसता टेकवला.

बॉल पुढ्यात मेल्यागत पडला. कृष्णा पळालाच नाय. कॅचर उचलायला वाकला अन् धक्का बसल्यागत बाजूला पडला. "कोण हाय?" वारा नव्हता, तरी तिसऱ्या बेसपासून धूळ उठत आली. चुन्याच्या रेघंवर खिळ्यांच्या बुटांचे ठसे उमटले. एकेरी, येणारेच.

"डोकं फिरलं का तुझं?" सर किंचाळले. "तिथं कुत्रं बी नव्हतं!"

लाईटच्या खांबावरून एक कावळा सरळ खाली आला. होम प्लेटवर एकदा चोच मारली अन् उडाला.

साळूबाई उभी राह्यली. "शिवला," म्हणाली, अन् पदरात तोंड घालून रडली.

सोनेरी बॅट पुण्याला गेली. जाऊ द्या. लीगवाल्यांनी कृष्णाचा एक रन धरलाच नाय. देवगावात कुणाला बी इचारा, पहिला कोण.