आराबाचा डावा हात

घानातल्या आमच्या एसुआनो गावात आराबा एघान केंकी विकते. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे केळीच्या पानात उकडलेले गोळे, वर तळलेला मासा आणि मिरचीची चटणी. धंदा आईकडून आलेला, आणि जीभही आईचीच. मासा बारीक आहे म्हणून कुरकुरणाऱ्याला आराबा म्हणायची, "तू तरी कुठं जाडजूड आहेस? शोभेल जोडी."

चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, हात आला नाही. तेव्हापासून ती डाव्या हातानं देते. आमच्याकडे डाव्या हातानं काही देणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून प्रत्येक गोळ्यामागे ती म्हणते, "डाव्या हाताची माफी असावी." गिऱ्हाईक म्हणतं, "असू दे, मावशी." दिवसभर हेच चालतं. धाकट्या बहिणीला ती एकदा म्हणाली, "एकुबा, चोरसुद्धा आयुष्यात इतक्या माफ्या मागत नसेल ग."

मग नगरसभेनं अक्क्राच्या रस्त्यावर, मोटार अड्ड्याच्या चौकात पुतळा बसवायचं ठरवलं. पाहुण्याला केंकी देणारी बाई. मूर्तिकार अन्नोबिल महिनोन् महिने आराबाच्या बाकावर बसून जेवला आणि तिची चित्रं काढत राहिला.

"अन् माझ्या हाताचं काय करशील?" तिनं विचारलं.

"आहे तसाच करणार."

त्यानं शब्द पाळला. पडदा निघाला तेव्हा सिमेंटची दुप्पट उंच बाई मान ताठ करून उभी होती. डावा हात पुढे, उजवा लोंबता, ओठ घट्ट मिटलेले. आराबा बघतच राहिली. ही कुणाची माफी मागत नव्हती! चार वर्षांत पहिल्यांदा आराबाला स्वतःचा हात आवडला.

गावाला मात्र आवडला नाही.

"पाहुणा गावात पाय टाकतो, आणि पहिलं काय मिळतं? डावा हात!" टॅक्सीवाले ओरडले. चर्चच्या बायका म्हणाल्या, "आमच्याच करातून आम्हालाच शिवी." रेडिओवर एकानं फोन करून सांगितलं की यंदा जाळ्यात मासळी पडली नाही ती या पुतळ्यापायी. दुसऱ्यानं विचारलं, गटारं तुंबलीत ती तशीच ठेवून बाहुल्या कसल्या बसवता? एवढं एकच शहाणपणाचं बोलणं झालं, आणि त्याचा फोन मध्येच कापला.

पुतळ्याला काही लागत नाही, लागलं ते आराबाला. जी माणसं चार वर्षं "असू दे, मावशी" म्हणत होती, ती आता म्हणू लागली, "तुमची ती चौकातली बहीण तर माफी मागत नाही, तुम्ही कशाला मागता?" आणि हसत हसत पलीकडच्या केंकीवालीच्या टोपलीकडे वळू लागली. संध्याकाळी उरलेले गोळे एकुबा डुकरांना घालायची.

शेवटी गावच्या वडीलधाऱ्यांपुढे बैठक झाली. नगरसभेचा सभासद क्वामेना ओटू गोड बोलण्यात पटाईत. म्हणाला, "मावशी, तुम्हीच एकदा सांगून टाका, की हात बदला. म्हणजे विषय संपला."

आराबा उभी राहिली. "मी माफी मागते, कारण मला पोट आहे. तिला पोट नाही. तिला तरी कशाला वाकवता? राहू दे तो हात."

"पुतळा झाला काय, बाईला माज चढला!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी बैठक हसली. म्हातारेसुद्धा.

आराबानं अन्नोबिलकडे पाहिलं. हिचा दुसरा हात उठत नाही, जे होतं तेच मी घडवलं, एवढं जरी तो बोलला असता! पण तो बुटांकडे बघत म्हणाला, "हात बदलता येईल." खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे माणसं. यानं तर मासेही खाल्ले होते.

भर बाजाराच्या दिवशी यंत्र लावून डावा हात कापला. तो गटारात पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोंबत्या उजव्याच्या जागी बसवलेला नवा उजवा हात जरा लांबच झाला, गुडघ्यापर्यंत पोचेल असा. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उजवा होता ना, मग झालं.

पुन्हा पडदा, पुन्हा भाषणं. आराबाला बोलावणं आलं. ती जाणार नव्हती, पण एकुबा म्हणाली, "ताई, गिऱ्हाईक परत यायला हवं की नको?" म्हणून गेली.

फोटोवाल्यानं तिला पुतळ्याखाली उभं केलं. "मावशी, हिच्यासारखाच हात करा. उजवा. पुढे घ्या."

आराबा तशीच उभी राहिली. ओटूनं एकुबाला डोळ्यानं खुणावलं. एकुबा बहिणीच्या मागे वाकून बसली, तिच्या गुंडाळलेल्या कापडाआड लपली आणि तिनं तो लुळा हात कोपराखालून उचलून धरला.

"अजून थोडा वर," फोटोवाला म्हणाला. "हां! आता हुबेहूब दिसताय!"

"ताई, दुखतंय का ग?" मागून एकुबानं हळूच विचारलं.

"दुखायला तो माझा कुठं आहे? गावाचा हात आहे. धर नीट, पडला तर पुन्हा बैठक बसवतील."